जुने फ्रेंच नकाशे जमवणारं कुणी आहे का इथे? (सांसों, द लिल, दांव्हिल, बेलां वगैरे)

जुनापुराणा
नाणी, पोस्टाची तिकिटं, फाउंटन पेन, सगळ्यावर धागे आहेत इथे, पण जुन्या छापील नकाशांवर एकही सापडला नाही म्हणून म्हटलं आपणच काढावा. नकाशा जमवणारे बहुतेक लोक डचांपासून सुरू करतात, ब्लाऊ, होंडियस वगैरे, समुद्रात जहाजं आणि राक्षसी मासे, कोपऱ्यात गाल फुगवून वारा फुंकणारी पोरं. दिवाणखान्यात लावले की पाहुणे वा वा करतात आणि किंमतही त्या वा वा ची असते. माझा जीव मात्र फ्रेंचांवर आहे, साधारण 1630 ते 1780 मधले. कारण एकच, नकाशात जिथलं काही माहीत नाही तिथे हत्ती किंवा डोंगर बसवून जागा भरायची जी सवय होती ती मोडायला या लोकांनी सुरुवात केली. एकदम नाही मोडली, शंभरेक वर्षं लागली, आणि तो सगळा प्रवास नकाशे शेजारी शेजारी ठेवले की नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

सुरुवात तशी आधीची. फ्रान्सचा पहिला अॅटलस 1594 मध्ये तूर शहरात बुगरो नावाच्या छापखानेवाल्याने काढला, यादवी चालू होती, राजाचा मुक्काम तिथे होता म्हणून तूर. त्याच्या छपाईच्या तांब्याच्या प्लेट कोरणारा गाब्रिएल ताव्हेर्निये, हे घराणं मूळचं अँटवर्पचं. म्हणजे हात अजून तिकडचेच. खरी फ्रेंच गाडी सुरू होते ती निकोला सांसोंपासून (1600-1667). आबव्हिल गावचा माणूस, तेराव्या लुईला भूगोल शिकवायचा, आणि 1632 चा त्याचा फ्रान्सच्या टपालरस्त्यांचा नकाशा आहे, त्यात रस्ते आणि चौक्या, बाकी पसारा नाही. 1658 मध्ये सगळ्या जगाचा अॅटलस, प्रकाशक पिएर मारिएत. 1650 च्या उत्तर अमेरिकेच्या नकाशात पाचही मोठी सरोवरं छापून आली ती याच्याचकडे पहिल्यांदा. त्याच नकाशात कॅलिफोर्निया मात्र बेट आहे, पूर्ण सुटं, चारी बाजूंनी पाणी!

तर ज्यांच्याकडे काही असेल, आईबाबांच्या माळ्यावर सापडलं असेल, परदेशात घेतलं असेल, त्यांनी लिहा. फोटो टाकलेत तर उत्तमच.

गोदाकाठ
ताव्हेर्निये म्हणजे तोच का, हिरेवाला, गोवळकोंड्याच्या खाणींवर लिहिणारा?

जुनापुराणा
तोच, म्हणजे त्याच घरातला. आपल्याकडे हिंडलेला जाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निये 1605 चा, घरी नकाशे कोरायचा आणि विकायचा धंदा, त्यातला मेलशियोर ताव्हेर्निये यानेच सांसोंचा तो टपालरस्त्यांचा नकाशा काढला. लहानपणापासून दुकानात येणाऱ्या भूगोलवाल्यांच्या गप्पा ऐकून पोराच्या पायाला भिंगरी लागली असं तो स्वतःच्या प्रवासवर्णनात लिहितो. मग सुरत, बऱ्हाणपूर, गोवळकोंडा सगळीकडे फिरला, आणि त्याने छापलेली माहिती पुढे परत नकाशेवाल्यांनीच वापरली. फ्रेंच नकाशात विजापूरला 'विसापूर' लिहिलेलं दिसतं ते या प्रवाशांच्या वहीतून आलेलं.

खडूस_सोलापूरकर
सगळं मान्य पण सांसोंचे नकाशे म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातला कागद वाटतो हो. सीमा, नद्या, नावं, परत नावं. मी पैसे मोजणार तर भिंतीवर काहीतरी दिसलं पाहिजे ना. त्यापेक्षा झायोचे घ्या, डोळ्यांना सुख तरी.

जुनापुराणा
झायो घ्याच, मी नाही म्हणतच नाही. पण झायो म्हणजे सांसोंच आहे, मोठ्या कपड्यात. आलेक्सी-युबेर झायो हा मुळात शिल्पकार, सांसों गेल्यावर त्याच्या मुलांशी जुळवून घेऊन त्याने तेच नकाशे दुप्पट मोठ्या पत्र्यांवर नव्याने कोरून घेतले, चौकटीत देवदेवता, ढाली, फळांच्या माळा, 1681 चा 'अॅटलस नुव्हो'. भूगोल जुना, सजावट नवी. आणि गंमत म्हणजे ते इतकं चाललं की अॅमस्टरडॅमच्या मोर्तियेने त्याची डच आवृत्ती काढली, पॅरिसचाच पत्ता तसाच ठेवून. म्हणजे तुम्ही हौसेने फ्रेंच म्हणून घेतलेला झायो डच निघायची शक्यता बरीच असते 🙂

खडूस_सोलापूरकर
घ्या. माझ्याकडे एक आहे. आता झोप उडाली.

सेनकिनारी
नमस्कार, मी पॅरिसला असते, नोकरी सॉफ्टवेअरची आणि शनिवार या नादात जातो. सांसों-झायो नंतर जे झालं ते सांगायलाच हवं कारण खरा घाव तिथे बसलाय. 1667 मध्ये पॅरिसची वेधशाळा स्थापन झाली, इटलीहून खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीला बोलावलं, आणि या लोकांनी गुरूच्या चंद्रांची ग्रहणं बघून रेखांश काढायला सुरुवात केली. दोन ठिकाणांहून तेच ग्रहण स्थानिक वेळेप्रमाणे किती वाजता दिसलं त्याचा फरक म्हणजे रेखांशाचा फरक, एका तासाला 15 अंश. पिकार आणि ला हिर यांनी फ्रान्सचा किनारा असा मोजला तर ब्रिटनीचा किनारा जुन्या नकाशापेक्षा बराच पूर्वेला निघाला, देशच आक्रसला. त्यांच्या 1693 च्या छापील नकाशात सांसोंची किनाररेषा आणि नवी रेषा दोन्ही एकावर एक आहेत, म्हणजे जाहीर पंचनामाच. चौदावा लुई म्हणाला म्हणतात की शत्रूंनी घेतली नाही एवढी जमीन माझ्या खगोलवाल्यांनी घेतली.

हे सगळं आकाशातलं गणित घेऊन नकाशे काढणारा माणूस म्हणजे गियोम द लिल (1675-1726). कॅसिनीकडे शिकलेला. 1700 मध्ये, वय पंचवीस, त्याने जगाचा आणि खंडांचे नकाशे काढले. प्राचीन भूगोलवाल्या टॉलेमीच्या वेळेपासून भूमध्य समुद्र 62 अंश लांब धरत होते, याने तो 42 च्या आसपास आणला, आणि आजचा आकडा जवळजवळ तोच आहे. एका झटक्यात युरोपातल्या सगळ्या दुकानातला माल जुना झाला.

आणि मग नोलांचं प्रकरण. जाँ-बाप्तिस्त नोलां हा कोरणारा आणि विक्रेता, कॅसिनीचा 1696 चा जगाचा नकाशा यानेच छापला होता म्हणजे अगदी ऐरागैरा नव्हे. त्याने 1700 मध्येच जगाचा मोठा नकाशा काढला. द लिलने बघितला आणि कोर्टात गेला, हा माझा माल आहे. पुरावा काय? अमेरिकेच्या पश्चिमेला एक 'पश्चिम समुद्र', मेर द लुएस्त. द लिलने हा समुद्र छापील नकाशात कुठेच टाकला नव्हता, फक्त चॅन्सेलर बुशरासाठी हाताने केलेल्या एका पृथ्वीगोलावर काढलेला होता. त्याचं म्हणणं, हा समुद्र माझा अंदाज आहे, मी तो मुद्दाम दाबून ठेवला होता इंग्रज-डचांच्या हाती लागू नये म्हणून, तो नोलांला दुसरीकडून मिळूच शकत नाही. तज्ज्ञ नेमले, वर्षानुवर्षं चाललं, 1706 मध्ये निकाल द लिलच्या बाजूने, नोलांच्या प्लेट मोडायचा हुकूम. आणि तो समुद्र? अस्तित्वातच नाही! चोरी सिद्ध झाली ती नसलेल्या समुद्रावरून.

पेठेतला_पंत
म्हणजे मुद्देमालच काल्पनिक. आमच्या वकिलांना हे वाचायला देतो.

सेनकिनारी
पुढे अजून आहे पंत. द लिल वारल्यावर त्याचा भाऊ जोसेफ-निकोला रशियात बरीच वर्षं काढून परत आला आणि जावई फिलिप ब्युआश, या दोघांनी 1752 च्या सुमारास तोच समुद्र थाटात छापला, द फोंते नावाच्या कुठल्याशा अॅडमिरलच्या बनावट पत्राची भर घालून. वीस-तीस वर्षं त्या समुद्रावर वाद चालले. मोठ्याने जे छापायचं टाळलं ते धाकट्यांनी घरच्या नावावर विकलं. मला तरी ब्युआशचा याबद्दल राग येतो, बाकी माणूस हुशार होता, पाण्याखालच्या सारख्या खोलीच्या रेषा काढणाऱ्या पहिल्या लोकांत त्याचं नाव येतं.

बाणकोट
ही खोट्या भूगोलाची साथ एकट्या ब्युआशची नाही. फ्रेंच नौदलाचे नकाशे करणाऱ्या बेलांने 1744 मध्ये लेक सुपिरियरमध्ये बेटं टाकली, एकाला नौदलमंत्र्याच्या घराण्याचं नाव, फिलिपो. बेट नाहीच तिथे. पण नकाशावरून नकाशावर उतरत गेलं आणि 1783 च्या पॅरिस तहात अमेरिका-ब्रिटन सरहद्द 'रॉयल आणि फिलिपो बेटांच्या उत्तरेने' अशी लिहिली गेली. दोन देशांनी सही केली बरं का त्यावर.

नवशिका_निगडी
मस्त धागा. मी अगदीच नवीन. एका परदेशी ऑनलाइन विक्रेत्याकडे द लिलचा युरोपचा नकाशा बघतोय, तो म्हणतोय '1700 चा ओरिजिनल, पहिली आवृत्ती'. नकाशावर 1700 छापलंय खरं. रंग पण छान भरलेत सगळीकडे, हिरवा पिवळा गुलाबी. घेऊ का?

सेनकिनारी
थांब जरा. नकाशावरचं साल हे छापल्याचं नसतं, प्लेट पहिल्यांदा कोरली त्याचं असतं. तांब्याचा पत्रा चाळीस-पन्नास वर्षं सुद्धा वापरात असायचा. द लिलच्या बाबतीत सोपी खूण आहे, पत्ता वाच. 1700 च्या सुरुवातीच्या प्रतींवर र्‍यू दे कानेत, सँ-सुल्पिसजवळ असा पत्ता आहे. नंतर तो सेनच्या काठी के द लोर्लोजला राहायला गेला, तिथून पुढच्या प्रतींवर तो पत्ता, साल मात्र 1700 च. आणि नावापुढे 'राजाचा प्रथम भूगोलज्ञ' अशी पदवी दिसली तर 1718 नंतरची छपाई कारण ती पदवीच त्याला 1718 ला मिळाली. त्याच्यानंतर प्लेट ब्युआशकडे, मग 1780 ला देझोशकडे, तोही छापत राहिला. अॅमस्टरडॅमला कोव्हन्स आणि मोर्तियेने आपल्या वेगळ्या प्लेट कोरून द लिल काढलाय तो अजून वेगळा. तर पत्त्याचा क्लोज-अप माग विक्रेत्याकडे.

कागदकाकू
मी ग्रंथालयात बांधणी आणि दुरुस्तीच्या टेबलावर आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. नवशिका, रंगाबद्दल माझं ऐक. फ्रेंच नकाशांना त्या काळी बहुतेक नुसत्या सरहद्दीच्या कडेने रंग द्यायचे, बारीक पट्टी. पूर्ण पोटभर रंग असेल तर तो मागच्या शंभर वर्षांत विकायला सोपं जावं म्हणून दिला असण्याची शक्यता जास्त. बेलांचे छोटे नकाशे तर मुळात बिनरंगीच निघाले, रंगीत दिसला की समजायचं नंतरची करामत. जुना हिरवा ओळखायची युक्ती म्हणजे नकाशा उलटा करायचा. जुना हिरवा तांब्यापासून केलेला असायचा, तो कागद खातो, मागच्या बाजूला तपकिरी डाग उमटतो, कधी कधी कागद त्या रेषेवर तुटतोच. मागे स्वच्छ आणि पुढे हिरवंगार म्हणजे रंग ताजा.

बाकी तपासणी अशी. कडेला नखाने हलकं चाचपलं की पत्र्याच्या दाबाची कड लागली पाहिजे, कारण ओल्या कागदावर प्रेस जोर लावून पत्रा दाबतं, त्याची खोलगट चौकट राहते. (कडा कापलेल्या असतील तर ही खूण जाते, त्यावरून लगेच नकली म्हणू नये.) भिंगाखाली रेषा सलग हवी, शाई कागदाच्या वर किंचित उठलेली. ठिपके ठिपके दिसले तर ऑफसेटची नक्कल, विषय संपला. मग उजेडासमोर धरायचा, हातकागदात बारीक आडव्या रेघा आणि दोन-अडीच सेंटीमीटरवर उभ्या रेघा दिसतात, नशीब असेल तर गिरणीचं चिन्हही. 1720 चा म्हणणारा नकाशा अगदी एकसारख्या, बिनरेघांच्या कागदावर असेल तर हात जोडायचे आणि बाहेर पडायचं, तसला कागद तेव्हा नव्हता.

नवशिका_निगडी
काकू 🙏 हे सगळं लिहून घेतलं. एक विचारू, चूक सुधारायची असेल तर सगळी प्लेट नवी करायचे का?

कागदकाकू
नाही रे, तांबं महाग आणि कोरणाऱ्याची मजुरी त्याहून महाग. तेवढाच भाग खरवडून घासायचा, मग पत्रा पालथा घालून मागून हातोडीने ठोकून खड्डा वर आणायचा, सपाट करायचा आणि परत उलटी अक्षरं कोरायची. जुनी रेषा पूर्ण जात नाही, भिंगाखाली पुसटशी दिसते. एकाच नकाशाच्या दोन वेगवेगळ्या काळातल्या प्रती शेजारी ठेवून हे शोधत बसायला जी मजा आहे ती फ्रेम करून लावण्यात नाही.

बाणकोट
आता आपल्याकडे येऊया का जरा. भारताच्या बाबतीत फ्रेंचांत मोठा माणूस म्हणजे दांव्हिल (1697-1782). द लिलचा 1723 चा मलबार-कोरोमंडल किनाऱ्यांचा नकाशा आहे, तोही चांगला, पण दांव्हिलचा 1752 चा 'कार्त द लँद' फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीसाठी केलेला, तो इंग्रज मोजणीदार रेनेलचा नकाशा 1780 च्या दशकात येईपर्यंत सगळ्यांचा आधार होता, इंग्रजांचासुद्धा. हा गडी पॅरिस सोडून कधी लांब गेलाच नाही. पंधराव्या वर्षी पहिला नकाशा काढला, आणि आयुष्यभर प्रवाशांच्या वह्या, पाद्र्यांची पत्रं, जहाजांच्या नोंदी एकमेकांशी ताडून बघत बसला. कोसाचं माप प्रत्येक मुलखात वेगळं, मग कुठल्या प्रवाशाचा कोस किती ते आधी ठरवायचं, मग अंतर. 1753 मध्ये त्याने स्वतंत्र पुस्तक काढलं, नकाशात कुठली गोष्ट कशाच्या आधाराने घातली त्याचा खुलासा. हे मला सगळ्यात आवडतं, हिशेब उघड्यावर मांडलाय. आणि जिथे आधार नाही तिथे जागा कोरी, भारताच्या नकाशात पूर्व-मध्य भागात मोठा तुकडा मोकळा आहे, आणि 1749 चा आफ्रिका तर बघाच, आतला बहुतेक भाग पांढराफेक. आधीच्या नकाशांत तिथे नद्या-राज्यं खच्चून भरलेली असायची.

त्याने स्वतः जमवलेले दहा हजारांच्या आसपास नकाशे 1779 मध्ये सोळाव्या लुईने विकत घेतले, ते आज फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि त्यांच्या गालिका साईटवर बरेचसे फुकट, झूम करून बघता येतात. घ्यायच्या आधी तिथे आणि डेव्हिड रम्सीच्या संग्रहाच्या साईटवर तोच नकाशा उघडून शेजारी ठेवावा, पत्ता-पदवी लगेच ताडता येते.

माझ्याकडे आहे तो मात्र गरिबाघरचा, बेलां. 1764 चा 'पती अॅटलस मारितीम', पाच खंड, 580 च्या आसपास नकाशे, नाव छोटा अॅटलस! बेलां नौदलाच्या नकाशा-कोठारात होता, हे कोठार 1720 मध्ये उभं केलं. त्यातला मुंबई आणि आसपासचा नकाशा माझ्याकडे आहे. कोकणातल्या माणसाला तो बघताना वेगळंच वाटतं, कारण छापला तेव्हा मुंबई बेट इंग्रजांचं पण खाडीपलीकडची साष्टी मराठ्यांची, चिमाजीअप्पांच्या 1737-39 च्या वसई मोहिमेपासून, आणि ती 1774 ला इंग्रजांनी घेतली. म्हणजे नकाशा निघाला तेव्हा पेशवाईत माधवराव, पानिपत होऊन तीन वर्षं.

खडूस_सोलापूरकर
हे असं काही असेल तर मी भिंत रिकामी करायला तयार आहे. केवढ्याला पडतो?

बाणकोट
बेलांचे छोटे नकाशे खूप निघाले, त्यामुळे साध्या बंदरांचे लिलावात शंभर-दीडशे युरोच्या आतही मिळून जातात. मुंबई, गोवा, पाँडिचेरी म्हटलं की भारतातले लोक बोली लावतात आणि भाव चढतो. दांव्हिलचा भारत त्याहून बराच वर.

सेनकिनारी
इथे द्रुओ लिलावघरात पेटी-पेटीने नकाशे येतात. एक लक्षात ठेवा, हातोडी पडते त्या आकड्यावर लिलाववाल्याचं कमिशन वेगळं चढतं, वर कुरियर, वर भारतातलं कस्टम. नदीकाठच्या हिरव्या पेट्यांत जे 'जुने नकाशे' टांगलेले असतात ते बहुतेक नव्या छपाया, आठवण म्हणून घ्या.

पेठेतला_पंत
एक खटकतं ते बोलतो. हे सुटे नकाशे येतात कुठून? अॅटलस फाडूनच ना? अडीचशे वर्षं एकत्र राहिलेलं पुस्तक एखादा विक्रेता पानं पानं करून विकतो कारण सुट्याचे जास्त मिळतात. आणि आपण घेतो म्हणून तो फाडतो. बेलां विकत घेणं म्हणजे एका अर्थी त्यात सामील होणंच की.

बाणकोट
पंत मुद्दा रास्त आहे पण सगळेच तसे नाहीत. झायो, द लिल यांच्या दुकानात सुटा नकाशाही मिळायचा, गिऱ्हाईक आपल्या पसंतीचे घेऊन बांधून घ्यायचं. म्हणून तर दोन 'अॅटलस नुव्हो' एकसारखे सापडत नाहीत. सुटा म्हणजे फाडलेलाच असं धरू नका.

पेठेतला_पंत
द लिलपुरतं कबूल. 1764 चा पाच खंडांचा बेलां मात्र पुस्तक म्हणूनच निघाला होता. तुमचा मुंबईचा नकाशा कुणीतरी ओढूनच काढलाय.

कागदकाकू
पंतांचं बरोबर आहे. माझ्या टेबलावर असे सांगाडे आलेत, फक्त मजकूर आणि पुठ्ठा उरलेला, नकाशांच्या जागी कापल्याच्या खुणा. मी तर सांगते, मधल्या घडीच्या मागे चिकटवलेली कागदाची पट्टी ताजी कापलेली दिसली तर घेऊ नका. जुने सुटे झालेले आधीच पुष्कळ फिरतायत बाजारात.

बाणकोट
माझ्याकडचा आधीपासून सुटा होता म्हणून सुटका नाही होत, मान्य. पण परत देऊ कुणाला.

जुनापुराणा
विक्रेत्याला सरळ विचारायचं, अॅटलस तुम्ही सोडवलात का. उत्तर देताना तो चाचरला की कळतं. मी पूर्ण अॅटलसच्या वाटेला जात नाही, ऐपतच नाही, पण अलीकडे फाडलेलं घ्यायचं नाही एवढं ठरवलंय. आणि कायद्याचं पण सांगून ठेवतो, शंभर वर्षांवरची वस्तू भारताबाहेर खाजगीरीत्या पाठवता येत नाही, 1972 चा कायदा आहे. म्हणजे इथे आणलेला इथेच राहणार, हौस फिटली की परदेशात विकू असा बेत कुणी करू नये.

कागदकाकू
आणि आणलाच तर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्याला जगवायचं बघा. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नाहीच नाही, पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने चिकटवणाऱ्या फ्रेमवाल्याच्या हातून आधी काढून घ्या. आम्लविरहित माउंट, काच आणि कागद यांच्यात अंतर, बाहेरच्या भिंतीवर लावायचा नाही कारण ती ओल धरते. कसर शाई नाही खात, खळ खाते, आणि जुन्या हातकागदाला खळ असतेच.

नवशिका_निगडी
अपडेट. विक्रेत्याने फोटो पाठवला. पत्ता के द लोर्लोज आहे, आणि नावापुढे 'प्रमिए जिओग्राफ द्यू र्‍वा' लिहिलंय, म्हणजे तीच पदवी!

सेनकिनारी
म्हणजे 1718 च्या नंतरची प्रत. ओरिजिनल आहेच, नकली नाही, पण 'पहिली आवृत्ती' म्हणून जे वरचे पैसे मागतोय ते द्यायचे नाहीत. हेच त्याला लिही, पत्ता आणि पदवीसकट.

कागदकाकू
आणि मागच्या बाजूचा फोटो माग. हिरवा बघायचाय मला.

नवशिका_निगडी
लिहिलं दोन्ही. म्हणाला दहा टक्के कमी करतो.

खडूस_सोलापूरकर
पंचवीस म्हण.